विटेच्या भुकटीतले सात दिवस

हस्तांदोलन साधारण दोन सेकंद चालतं. माणूस खूश असेल तर चार.

*

खडकीत एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला जुन्या गाडीचा दरवाजा टेकून ठेवलाय. दोन पावसाळे झाले. डावा अर्धा गंजून चाळण. उजवा अर्धा कालच बसवल्यासारखा.

*

लाल शाईचं पेन. टोपण चावलेलं.

*

गोडंबी मंडईत मिळते, पुडीत, स्वच्छ. बिब्बा फोडून ती बाहेर काढणारे हात मंडईत दिसत नाहीत.

*

"हातले तेल लावलं का वं?" आई, फोनवर. नमस्काराच्या जागी.

*

मिठाचं पाणी, पस्तीस अंश, सलग पाचशे तास.

*

वीट कुटण्याआधी उन्हात तापवावी. लवकर फुटते.

*

आता नीट सांगते.

मी नम्रता कापगते. गाव साकोलीच्या पुढे, भंडारा जिल्हा. चार वर्षं कर्वेनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय: मोटारीच्या पोलादाला लागणारा गंज झाडापासून काढलेल्या अर्काने रोखणे. मार्गदर्शक आमोदसर.

गाडी वरून म्हातारी होत नाही, खालून होते. तळाच्या पत्र्याला चिखल चिकटतो, ओल धरून बसतो. मालक वरून पॉलिश मारत असतो तेव्हा खाली पत्रा खपल्या टाकत असतो. गंज थांबवणारी रसायनं बाजारात आहेत, पण त्यातली काही नाल्यात गेली की मासेही थांबवतात. म्हणून सगळे झाडांकडे वळलेत. कडुनिंब, मेंदी, संत्र्याची साल. सरांनी मला डाळिंबाची सालं दिली होती. सहा महिने मी मंडईतल्या रसवाल्यांकडून पिशव्या भरभरून सालं आणली. निकाल बरा आला. बरा म्हणजे छापण्यापुरता.

बिब्बा मी आणला. आमच्याकडे पावसाळ्याआधी विळे-कोयत्यांना बिब्ब्याचं तेल फासून ठेवतात, गंज धरत नाही. पण बिब्बा उततो. कच्चं तेल अंगाला लागलं की लगेच काहीच होत नाही. एक दिवस जातो, दीड दिवस जातो, तुम्ही विसरता. मग फोड येतात. आई गेली तीस वर्षं बिब्बे फोडते. फोडण्याआधी ती ते विटेच्या भुकटीत घोळवून सात दिवस ठेवते. मग धुते. तिचं म्हणणं, वीट बिब्ब्याचा राग पिऊन घेते.

मी तेच केलं, फक्त मोजून. सात दिवस भुकटी, मग धुणं, वाळवणं, टरफलांचा अल्कोहोलमध्ये अर्क. भंगारातल्या बॉनेटचे तळहाताएवढे तुकडे घासून, वजन करून, लेप देऊन मिठाच्या फवाऱ्यात ठेवले. पाचशे तासांनी पुन्हा वजन. उघड्या पत्र्यावर शंभर भाग गंज चढला, तर लेपाच्या पत्र्यावर नऊ.

म्हणजे एक्क्याण्णव टक्के. सर खुर्चीतून उठले होते.

*

खडकीचे भीमराव. वय पंचावन्न, मूळचे बोपखेलचे. गाड्यांच्या तळाला लेप मारायचं काम करतात. माझा अर्क खऱ्या गाडीवर कसा टिकतो ते बघायचं होतं. सात गॅरेजवाल्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. भीमरावांनी डब्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि एक जुना दरवाजा ओढून आणला.

"आरध्याला लावा, आरधा मोकळा सोडा. पाऊसच सांगंल काय ते."

दोन वर्षं त्यांनी माझे पत्रे सांभाळले. पाहुणे आले की दरवाजा दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्ये ताईंचं काम." पुण्यात हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

*

पान ४१. माझी प्रयोगवही, माझं अक्षर:

*पायरी ४. बिब्बे विटेच्या बारीक भुकटीत घोळवून सात दिवस ठेवणे. नंतर तीन पाण्यांनी धुणे. ही पायरी गाळू नये. कच्च्या तेलाने त्वचेवर फोड येतात.*

त्यावर लाल शाईची आडवी रेघ. शेजारी सरांचं अक्षर:

*विटेची भुकटी?? हे रसायनशास्त्र आहे, आजीबाईचा बटवा नाही. वगळा. सात दिवस फुकट. — आ.*

आमच्या प्रयोगशाळेत लाल शाई म्हणजे शेवटचा शब्द. खोडलेलं परत लिहायचं नाही, त्यावर चर्चा करायची नाही, पुढच्या पानावर दुरुस्त कृती उतरवायची आणि सही घ्यायची. मी उतरवली. सही घेतली. आणि तरीही पायरी चार करत राहिले. खोलीच्या गच्चीवर, सुट्टीच्या दिवशी, खलबत्त्यात वीट कुटून. कारण सरांना एक सवय होती.

पाहुणे आले की सर अर्काच्या भांड्यात हात बुडवायचे. चांगला मनगटापर्यंत. मग हात वर करून म्हणायचे, "बघा! निसर्ग कधी चावत नाही!"

दीड वर्ष मी सरांचा हात वाचवला. त्यांना कधी कळलं नाही.

*

पेटंटच्या अर्जाचा मसुदा मी टेबलावर पाहिला, कारण त्याच्या प्रती काढायला मलाच सांगितलं होतं. संशोधक दोन. आमोदसर. आणि सलिल, सरांचा मेहुणा. त्याची लेप बनवायची कंपनी तेव्हा पाच महिन्यांची होती.

"सर, यात माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाहीये," सर म्हणाले. "घातलं नाहीये. राहणं आणि न घालणं यात फरक असतो."

"पण बिब्बा मी..."

"अगं, नावाचं काय घेऊन बसलीस! काम बोललं पाहिजे. तू आधी थिसिस पूर्ण कर. थिसिसवर सही माझी लागते, विसरू नकोस."

सलिल खिडकीत चहा पीत उभा होता. बशीतून. तो म्हणाला, "तुमच्याकडे बिब्बे झाडाला लागतात, नम्रता. पेटंट नाही लागत."

दोघं हसले. मीही हसले. सगळ्या प्रकरणात मला लाज वाटते ती या एका गोष्टीची.

मी प्रती काढल्या. सहा संच, कोपऱ्यात टाचण मारून.

*

त्या आठवड्यापासून मी पायरी चार बंद केली.

लबाडी केली नाही. डब्यात काही मिसळलं नाही, काही बदललं नाही. वहीत सरांनी सही केलेली कृती होती, तिच्यातला शब्दन् शब्द पाळला. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे, चारही वर्षांच्या अहवालात सरांनी तसं लिहिलंय.

एक्क्याण्णवचा आकडा लाल रेघेच्या आधीचा होता; त्यानंतरची पाचशे तासांची ही पहिलीच चाचणी. कच्च्या अर्काचा निकाल चौऱ्याण्णव टक्के आला. सरांनी आकडा पाहून मला बोलावून घेतलं.

"पाहिलंस? तुझ्या विटेनं तीन टक्के खाल्ले होते."

"हो, सर."

"आणि सात दिवस वाचले."

"हो, सर."

"शिक जरा यातून."

"शिकतेय, सर."

*

प्रात्यक्षिक सकाळी अकराला, कॉलेजच्या सभागृहात. मंचावर उलटा ठेवलेला गाडीच्या तळाचा पत्रा, अर्धा लेपाचा, अर्धा उघडा. शेजारी खडकीहून आणलेला दरवाजा. समोर एका मोटार कंपनीचे अधिकारी, प्राचार्य, सलिल, फोटोवाले.

लेप लावून दाखवायला भीमरावांना बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना पडद्यामागे घेतलं, कोपरापर्यंत खोबरेल लावलं आणि वर रबरी हातमोजे चढवले.

"एवढं कशापायी? आदी तर साध्या हातानं लावत हुतो."

"आजचा माल कडक आहे, काका. मोजे काढू नका. घरी जाऊन साबणाने धुवा, मगच काढा."

"बरं बाई."

माझे स्वतःचे हात तेलात चिंब होते. आईचा प्रश्न मी कधी हलका घेतला नाही.

भीमरावांनी ब्रशने लेप लावला. टाळ्या. मग सर पुढे आले. बाही दुमडली. भांड्याकडे त्यांनी पाहिलं, मग लोकांकडे. त्या क्षणी मी त्यांच्यापासून चार फुटांवर उभी होते. "सर" एवढा एकच शब्द पुरला असता.

हात मनगटापर्यंत गेला. वर आला, तपकिरी, चकाकणारा.

"बघा! निसर्ग कधी चावत नाही!"

टाळ्या पुन्हा, जास्त मोठ्या. सरांनी रुमालाने हात वरवर पुसला आणि सगळ्यांना भेटू लागले. अधिकाऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सलिलच्या गालावर थाप मारली. प्राचार्यांच्या मानेवर हात टाकून फोटो काढला. चष्मा सारखा केला, मिशीवरून बोटं फिरवली, नाक खाजवलं. मी मनातल्या मनात नोंद करत होते, जागा आणि वेळ, जशी पत्र्यांची करते तशी.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"नम्रता, तो डबा उचल."

मी डबा उचलून बाहेर गेले. माझी पाठ वळल्यावर मंचावर काय झालं ते मी पाहिलं नाही.

*

दुसरा दिवस, सकाळ. काही नाही. सर विभागात शीळ घालत फिरत होते.

दुसरा दिवस, दुपार. काही नाही. सरांनी तळवा टेबलाच्या कडेवर दोनदा घासला. दोनदाच. मी मोजलं.

दुसरा दिवस, पाच वाजता. "इथे डास फार झालेत," सर म्हणाले.

मी घरी जाऊन पिठलं-भात केला आणि पोटभर जेवले.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सलिलचा फोन. "काय होतं त्या डब्यात?"

"पेटंटमध्ये आहे तेच."

"माझा गाल... डोळा उघडत नाहीये! दाजींचा हात बघ, फोटो पाठवतो. अगं, हात राहिलेला नाही तो."

फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. मनगटापर्यंत, अगदी भांड्यातल्या रेषेपर्यंत, टपोरे पाण्याचे फोड, एकमेकांना चिकटलेले. वरचा ओठ सुजून मिशी आडवी झालेली. नाकाचा शेंडा.

दुपारपर्यंत बाकीच्यांचं कळलं. कंपनीचे अधिकारी: दोन्ही तळवे आणि डावा कान, कारण ते फोन डाव्या कानाला लावतात. प्राचार्य: मान, कॉलरच्या वर चार बोटांचे ठसे, मोजता येतील असे. फोटोवाला: अंगठा.

सरांनी ज्याला ज्याला जवळ केलं, त्या प्रत्येकाच्या अंगावर त्याची खूण उठली होती. माझ्या अंगावर एक फोड नव्हता. चार वर्षांत सरांनी मला एकदाही हात दिला नव्हता. माझी नोंदणी झाली तेव्हा नाही, पहिला पेपर छापून आला तेव्हा नाही, एक्क्याण्णव टक्के आले तेव्हा नाही.

त्या दुपारी मी फार आनंदात होते. खोटं कशाला सांगू?

*

चारच्या सुमारास भीमरावांच्या गॅरेजातून फोन आला. बोलणारे भीमराव नव्हते, शेजारचे टायरवाले होते. "ताई, येऊन जाता का?"

मला वाटलं दरवाजा परत पोचला असेल.

भीमराव खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर, तळवा वर करून, एखादी वस्तू ठेवावी तसा ठेवलेला. बोटं मिटत नव्हती. शेजारी लेप मारायची फवारणीची बंदूक पडून होती.

"मोजे घातले होते ना, काका?"

"घातलं हुतं की."

"मग?"

"तुमी डबा घेऊन भायेर गेला. सर आलं माझ्याफुडं. हात फुडं केला. म्हनले, भीमराव, शाब्बास." त्यांनी तळव्यावर फुंकर घातली. "आता एवढा मोठा मानूस हात देतोय, आन् मी रबराच्या मोज्यातनं देऊ? बरं दिसतं का ते? काडला मोजा. शर्टालाबी पुसला वर, तेलकट हुता म्हनून."

शर्टाला पुसला. म्हणजे माझं खोबरेलही गेलं.

"तुमाला ठावं हुतं?"

"काय?"

"ताई, मला येडं समजू नगा. आजचा माल कडक हाय, तुमीच म्हनला."

"हो. माहीत होतं."

"आन् सरांला?"

"त्यांना मी लिहून दिलं होतं. त्यांनी खोडलं."

"मग मला का न्हाय सांगितलं, सरांचा हात धरू नगा म्हनून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सरांना सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "व्हय. सांगितलंच असतं."

त्यांनी हनुवटीने फळीकडे खुणावलं. "खोबरेल हाय तितं. लावा तेवडं."

मी लावलं. हात धरला तेव्हा ते कळवळले नाहीत, फक्त दुसरीकडे पाहू लागले. त्यांच्या तळव्यावर फोडांची रांग तिरकी होती, सरांच्या चार बोटांच्या मापाची. चार सेकंदांचं हस्तांदोलन असणार. सर खूश होते.

"तुमचं भांडान त्येंच्याशी," भीमराव म्हणाले. "हात माझा कशाला घेतला मधी?"

मी खोबरेलाच्या बाटलीचं बूच लावलं आणि ती फळीवर परत ठेवली.

*

चौकशी समिती तीन माणसांची. अध्यक्ष दुसऱ्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई, पांढरी नऊवार नव्हे, साधी सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. माझ्यासमोर त्यांनी एक कागद सरकवला.

"हे तुमच्या मार्गदर्शकांचं निवेदन. वाचा. सावकाश वाचा, आम्हाला घाई नाही. आम्ही निवृत्त आहोत."

मी वाचलं. *सदर अर्काची मूळ कल्पना, बिब्ब्याची निवड, कृती व प्रत्यक्ष निर्मिती ही सर्वस्वी कु. नम्रता कापगते यांची आहे. माझी भूमिका केवळ देखरेखीपुरती होती.* खाली सही. डाव्या हाताची, वाकडीतिकडी. उजवा बँडेजात होता आणि सर समोरच बसले होते.

मी तो कागद तीनदा वाचला. चार वर्षं मला हेच वाक्य हवं होतं. सर्वस्वी. इतकं मोठं विशेषण मी स्वतःसुद्धा लावलं नसतं.

"हे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे. मला याची एक प्रत मिळेल?"

सरांनी मान वर केली. चूक त्यांच्या तेव्हा लक्षात आली असावी.

"मिळेल. पण मग पुढचं उत्तर नीट विचार करून द्या." बाईंनी चष्मा काढला. "या अर्काने फोड येतात हे तुम्हाला माहीत होतं का? नाही म्हणालात तर तो अपघात. तुमची नोंदणी राहील, बहुधा. मात्र मग ज्याची कृती धोकादायक आहे हेच ठाऊक नव्हतं, त्या संशोधनाची मालकी सांगायला तुम्ही कुठे जाणार? हो म्हणालात तर संशोधन तुमचं. आणि बाकी सगळंही तुमचं."

मी पिशवीतून वही काढली आणि पान ४१ उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"माहीत होतं. पायरी चार त्यासाठीच होती."

बाईंनी पान वाचलं. लाल शाई वाचली. "आजीबाईचा बटवा," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि सरांच्या बँडेजकडे पाहिलं. "अक्षर आपलंच ना, डॉक्टर? उजव्या हाताचं दिसतंय."

सर म्हणाले, "तिनं सूड घेतलाय. मुद्दाम. ती तिथे उभी होती, बोलू शकली असती!"

"का नाही बोललात?" बाई माझ्याकडे वळल्या.

"मला बोलायला सांगितलं नव्हतं. डबा उचलायला सांगितलं होतं."

समितीतले एक गृहस्थ हसू दाबायला खोकले. बाई हसल्या नाहीत.

"आणि तो गॅरेजवाला? त्यालाही काही सांगितलं नव्हतं का कुणी?"

एवढा एकच प्रश्न मला लागला. त्यांनी तो उत्तर न घेताच लिहून घेतला.

*

सरांचं मार्गदर्शकपद गेलं. सर आणि सलिलचा पेटंटचा अर्ज मागे घेतला गेला. गैरवर्तनाबद्दल माझी नोंदणी रद्द झाली, चार वर्षांसकट. नवा अर्ज मी माझ्या एकटीच्या नावाने केला, पायरी चार तिच्या जागी, सोबत निवेदनाची प्रत. बिब्बे आईने पाठवले.

अर्जाची पोच घेऊन खडकीला गेले. भीमरावांच्या हाताला नवी कातडी आली होती, गुलाबी, लहान बाळासारखी. बंदूक ते डाव्या हाताने धरायला शिकले होते. त्यांनी कागदावरचं माझं नाव अक्षर लावून वाचलं.

"झालं का मनासारखं?"

"झालं."

"ब्येस." कागद परत दिला. "पत्रं मातुर आता दुसरीकडं लावा, ताई. हितं नगं."

मी सगळे पत्रे गोळा केले. दरवाजा एकटीला उचलेना. तो तिथेच आहे.

सरांच्या हाताबद्दल मला काही वाटत नाही. आजही वेळ आली तर मी चार फुटांवर गप्प उभी राहीन. फक्त डबा उचलून बाहेर जाणार नाही, भीमरावांपाशी थांबेन.

चार वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या वेळी, मी मार्गदर्शक निवडायचा फॉर्म भरला होता. त्यावर सहा नावं होती, आणि आमोदसरांच्या नावापुढे खूण मी स्वतः केली होती.